फुफ्फुसाचा कॅन्सर आणि पोटात ॲन्युरिझम पण, आधी कशाचं ऑपरेशन?

लूमवाला_इचल
नमस्कार मंडळी. वडील ६८ वर्षांचे, आयुष्य लूमवर गेलं आणि बिडी काही सुटली नाही. महिनाभर खोकला जाईना म्हणून एक्सरे, मग सीटी, मग बायोप्सी. डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठ निघाली, ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरचीच. पेट सीटीत बाकी कुठे पसरलेलं नाही म्हणाले, सुरुवातीची स्टेज आहे, लोबेक्टॉमी करू, म्हणजे फुफ्फुसाचा तेवढा भाग काढू. आम्ही जरा निवांत झालो तर रिपोर्टच्या शेवटच्या पानावर अजून एक ओळ: इन्फ्रारीनल ॲब्डॉमिनल ॲऑर्टिक ॲन्युरिझम, ४.८ सेमी, म्युरल थ्रॉम्बससह. म्हणजे पोटातली मुख्य रक्तवाहिनी, ॲऑर्टा, किडनीच्या खाली फुगलीय आणि आत भिंतीला रक्ताची गुठळी आहे. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले ते नंतर बघू. नात्यातले एक डॉक्टर फोनवर म्हणाले की हा टाइम बॉम्ब आहे, आधी ते करून घ्या. आता आई रात्रभर जागी, वडील म्हणतात मला काहीच करायचं नाही, आणि मी दोघांच्या मधे. कुणाच्या घरात असं दोन्ही एकदम निघालंय का? काय केलंत?

सुनबाई_सातारा
दादा, आमच्या मामंजींचं अगदी हेच, फक्त त्यांचा ॲन्युरिझम ६ सेमीच्या वर होता म्हणून आमच्याकडे क्रम उलटा झाला. आधी पोटाचं, मग फुफ्फुसाचं. पोट फाडलं नाही, दोन्ही जांघेतून नळी घालून आत कापडी अस्तराचा स्टेंट बसवला, ईव्हार म्हणतात त्याला. चारेक दिवसांत घरी आले आणि साधारण महिन्याभराने छातीचं ऑपरेशन झालं. पोट उघडून केलं असतं तर सावरायलाच दोन तीन महिने गेले असते आणि तोवर गाठ वाढली असती, म्हणून डॉक्टरांनी तो मार्ग धरला. पण स्टेंट बसवला म्हणजे विषय संपला असं नाही हां. त्याच्या कडेने रक्त आत झिरपत राहतं कधीकधी, एंडोलीक, त्यासाठी पुढे स्कॅन करत राहायला लागतात. आणि खर्चाचा मोठा भाग त्या स्टेंटचाच असतो. महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, ॲडमिट झाल्यावर नको. वडिलांना सांगा आमचे मामंजी पण असंच म्हणायचे, आता रोज मंडईत जाऊन भाजीवाल्याशी भांडून येतात.

देशी_काढा
अर्जुनाच्या सालीचा काढा सकाळ संध्याकाळ द्या, नस आपोआप आवळते. कशाला चिरफाड.

व्हॅस्क्युलर_रेसिडेंट
वरच्या काढ्याने ॲन्युरिझम आवळत नाही. भिंतच कमजोर होऊन ताणली गेलेली असते, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी, ती औषधाने परत पहिल्यासारखी होत नाही. तो विषय इथेच सोडू.

आता मुद्दा. तिथे ॲऑर्टाची नॉर्मल रुंदी २ सेमीच्या आसपास, ३ च्या वर गेली की ॲन्युरिझम म्हणायचं. पुरुषात ५.५ आणि बायकांत ५ सेमीला दुरुस्तीचा विचार सुरू होतो, किंवा मग आकार भराभर वाढत असेल, वर्षाला १ सेमीच्या पुढे, किंवा तिथे दुखत असेल तर. त्याच्या खाली फुटण्याचा धोका वर्षाला साधारण १ टक्का किंवा कमी. ब्रिटनमध्ये ४ ते ५.५ सेमीवाल्यांची मोठी ट्रायल झाली होती, १९९८ ला आली, त्यात लगेच ऑपरेशन केलेले आणि नुसते स्कॅन करत राहिलेले यांच्या जगण्यात फरक दिसला नाही. नंतर अमेरिकेतल्या ट्रायलमध्येही तेच. म्हणून ४.८ ला टाइम बॉम्ब म्हणणं मला पटत नाही. सुरुवातीच्या स्टेजची गाठ काढणं अशा वेळी सहसा आधी येतं, पण हे ठरवायला कॅन्सर सर्जन, व्हॅस्क्युलर सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर तिघांनी एकदा एकत्र बघायला हवं. भूलवाल्यांना तर ॲन्युरिझमचं आवर्जून सांगा, ऑपरेशनमध्ये आणि नंतर बीपी उसळू द्यायचं नाही हे त्यांच्या हातात असतं.

दोन्ही एकदम निघणं नवल नाही. बिडी सिगरेट हे दोन्हीचं मोठं कारण, आणि फुफ्फुसाच्या तपासणीसाठी पोटापर्यंत स्कॅन होतो म्हणून एरवी कधीच कळला नसता तो कळतो. एक काम करा, जुने कागद उपसा. मुतखडा, प्रोस्टेट, कशासाठीही पूर्वी पोटाची सोनोग्राफी झाली असेल तर त्यात ॲऑर्टाचा आकडा असू शकतो, वाढीचा वेग त्यावरून कळतो.

पुढे केमो लागली तर हे डॉक्टरांना विचारून घ्या: बेव्हॅसिझुमॅबसारखी नवीन रक्तवाहिन्या रोखणारी औषधं बीपी वाढवतात आणि ॲन्युरिझमवाल्यांत जपून द्यायची असतात. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध किडनीवर येतं आणि सीटीच्या वेळी टोचतात ते कॉन्ट्रास्टसुद्धा, त्यामुळे दोन्ही जवळजवळ आले तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून. बिडी आजपासून बंद, यात दोन्हीकडचा फायदा आहे.

लेस्टरचा_मराठी
इथे इंग्लंडमध्ये पुरुषांना ६५ व्या वर्षी पत्र येतं, पोटाची एक सोनोग्राफी फुकट, दहा पंधरा मिनिटांत मोकळे. ४.५ ते ५.४ वाल्यांना दर तीन महिन्यांनी बोलावतात. शेजारचे काका असेच वर्षानुवर्षं जातायत, चहा पिऊन येतात परत. आपल्याकडे अशी हाक कुणी मारत नाही, त्यामुळे तुमच्या काकांनी आणि वय झाल्यावर तुम्हीही एकदा करून घ्या, सख्ख्या नात्यात असेल तर शक्यता वाढते. मी म्हणतो सोनोग्राफीला काय लागतं, लोक लग्नात बँडवर त्याहून जास्त उडवतात.

सुनबाई_सातारा
अजून एक, लिहायचं राहिलं. कॅन्सरच्या पेशंटची पाठ दुखली की घरातले सगळे, आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा, हाडात गेलं असेल म्हणून गोळी देतात. ॲन्युरिझम असलेल्या माणसाची पाठ किंवा पोट अचानक जोरात दुखायला लागलं, घाम फुटला, चक्कर आली, तर गोळी देऊन वाट बघायची नाही. १०८ ला फोन, आणि पहिल्या वाक्यात सांगायचं की पोटात ॲन्युरिझम आहे. आम्ही तो रिपोर्ट झेरॉक्स करून मामंजींच्या पाकिटात घालून ठेवलाय.

लूमवाला_इचल
सगळ्यांचे आभार, आईला वाचून दाखवलं. ट्रंकेत जुनी सोनोग्राफी मिळाली, तीन वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी केलेली, त्यात बारीक अक्षरात ४.१ सेमी लिहिलंय. तेव्हा आम्हाला कुणी काही बोललंच नाही, आम्ही पण खडा बघितला आणि कागद ठेवून दिला. हा वेग जास्त आहे का? दुसरं म्हणजे खोकला अजून आहे, खोकून खोकून फुटेल का असं वडील विचारतात. खोकल्यावर इथल्या डॉक्टरांनी कालच लिव्होफ्लॉक्सासिन ५०० लिहून दिलंय, पाच दिवस.

व्हॅस्क्युलर_रेसिडेंट
तीन वर्षांत ७ मिमी म्हणजे वर्षाला सव्वादोन अडीच मिमी, बहुतेकांत असाच वाढतो. शिवाय सोनोग्राफीपेक्षा सीटीत आकडा थोडा जास्तच येतो, त्यामुळे खरी वाढ कदाचित याहून कमी. पुढच्या वेळी एकाच पद्धतीने मोजून घ्या म्हणजे तुलना नीट होईल. खोकल्याने ४.८ चा फुटत बसत नाही, घाबरवू नका त्यांना, पण बद्धकोष्ठ होऊ देऊ नका आणि लूमचे जड बीमबिम उचलायला लावू नका.

लिव्होफ्लॉक्सासिनचं मात्र आत्ताच्या आत्ता बघा. या जातीच्या अँटिबायोटिकबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिलाय, ॲन्युरिझम असलेल्यांना दुसरा पर्याय असेल तर हे द्यायचं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, सगळी त्यातलीच. त्या डॉक्टरांना ॲन्युरिझम माहीत नसणार, सीटीचा रिपोर्ट त्यांनी बघितला नसेल. पुढचा डोस द्यायच्या आधी त्यांना फोन करून सांगा, बदलून देतील, दुसरी भरपूर आहेत. आणि फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने ॲन्युरिझम ४.८ आणि या औषधांची नावं लिहून ठेवा.

लूमवाला_इचल
फोन केला. स्ट्रिप परत घेऊन या म्हणाले, दुसरं लिहून देतो. निघतोय.