कवेलूच्या घरात बाळंतिणीच्या खोलीसाठी हीटर: वायरिंग आणि अर्थिंग कसं असावं?

धानपट्टा
नमस्कार मंडळी. घर अर्जुनी मोरगाव तालुक्यात, भिंती मातीच्या, वर कवेलू. मुलगी पहिल्या बाळंतपणाला येऊन राहिली, तारीख डिसेंबर अखेरची. खोली १० बाय १२ फूट. घरातली म्हातारी मंडळी म्हणतात बाजेखाली विस्तवाचं घमेलं ठेवू, पण डॉक्टरीणबाईंनी त्याला साफ नाही म्हटलं. म्हणून २००० वॅटचा तेलाचा हीटर घ्यायचा आहे.

खोलीत एकच बोर्ड आहे: दोन बल्ब, पंखा आणि ६ अँपिअरचं सॉकेट. वायरिंग जुनं, लाकडी पट्टीवरचं. अर्थिंग आहे की नाही माहीत नाही. मीटरवर ५-३० अँपिअर लिहिलं आहे. संध्याकाळी व्होल्टेज १८०-१९० पर्यंत पडतं. याच सॉकेटवर हीटर चालेल का? नसेल तर नेमकं काय काय बदलावं?

वायरमन साकोली
त्या सॉकेटवर अजिबात नाही, भाऊ. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर. तुमचं सॉकेट ६ चं, आणि अशा जुन्या पट्टीत बहुधा १ एमएमची (चौरस मिमी) वायर असते, कधी ॲल्युमिनियमची. हीटरचा मोठा प्लग त्यात बसत नाही म्हणून लोक बाजारातलं कन्व्हर्टर लावतात. त्यानं प्लग बसतो, पण तार जाड होत नाही. फिलामेंटचा बल्ब पेटताक्षणी जास्त करंट घेऊन लगेच खाली येतो. हीटर तसा नाही, तो तासन्‌तास तेवढाच ओढत राहतो. त्यामुळे कमजोर जागा, म्हणजे टेपनं गुंडाळलेला जोड किंवा ढिला स्क्रू, सावकाश तापत जाते. आग बहुतेक तिथून लागते, हीटरमधून नाही.

मेन बोर्डापासून वेगळी लाईन ओढा. त्यावर दुसरं काहीच नको.

क्रम असा ठेवा: मीटर, मग ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, मग ४० अँपिअर ३० मिलिअँपिअरची दोन पोलची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की लाईन तोडणारा स्विच, मग हीटरसाठी १६ अँपिअरचा एमसीबी, मग १६ अँपिअरचं स्विच-सॉकेट. वायर तांब्याची, आयएसआय मार्कची, फेज आणि न्यूट्रल २.५ एमएम, हिरवी अर्थची वायरही २.५ चीच घ्या. २० किंवा २५ मिमीचा पीव्हीसी पाईप भिंतीवरूनच न्या, कवेलूखालच्या फाट्यांवरून नको. वर उंदीर असतात, आणि कवेलू सरकलं की पाणीही तिथंच टपकतं.

मातीच्या भिंतीत गिट्टी (स्क्रूसाठी ठोकतात ती खुंटी) धरत नाही. बोर्ड दोन महिन्यांत हलायला लागतो, प्लग ओढताना आतले स्क्रू ढिले होतात. म्हणून लाकडी खांब असेल तर त्यावर बॉक्स बसवा, नाहीतर भिंतीत आरपार बोल्ट घालून फळी आवळा. सॉकेटमागे पूर्ण बंद बॉक्स हवाच, उघडं लाकूड नको. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंची बरी, म्हणजे सारवताना पाणी उडत नाही.

आणि टेस्टरनं एक गोष्ट बघाच: स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर. गावाकडे हे उलटं पुष्कळ सापडतं. न्यूट्रलवर असेल तर बटण बंद केलं तरी हीटरच्या आत लाईन जिवंत राहते.

लाईन झाल्यावर मल्टीमीटर लावा. हीटर पूर्ण चालू असताना मीटरपाशी आणि सॉकेटपाशी व्होल्टेज मोजा. १० मीटरच्या २.५ एमएम लाईनीत जेमतेम दीड व्होल्टचा फरक पडायला पाहिजे. ८-१० व्होल्ट पडत असतील तर कुठंतरी जोड कच्चा आहे, तो सापडेपर्यंत हीटर वापरू नका. पुढं अर्धा तास चालवून, बंद करून, प्लग काढा आणि पिना बघा. कोमट चालतील. हात ठेववत नसेल किंवा प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर सॉकेट बदला.

मीटरपर्यंतच्या वायरला आणि सीलला हात लावू नका, ते महावितरणचं काम. बिलावर मंजूर भार किती लिहिला आहे तेही बघा. १ किलोवॅट किंवा त्याहून कमी असेल तर आधी भार वाढवायचा अर्ज टाका.

वऱ्हाडी लोड
वरचं सगळं बरोबर आहे, पण २००० वॅट कशाला? १२० चौरस फुटाच्या खोलीला १०००-१२०० वॅट बऱ्यापैकी पुरतात, अट एवढीच की वर छत हवं. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जात असेल तर ३००० वॅटही कमीच पडतील. आधी बांबूच्या तट्ट्याचं छत लावा आणि भिंत व वासे यांच्यामधल्या फटी मातीनं लिंपा. मग हीटर घ्या. तट्टा जळतो, म्हणून हीटरच्या डोक्यावर निदान १ मीटर मोकळं राहू द्या.

बिलाचंही पाहा. १००० वॅट रोज ८ तास म्हणजे ८ युनिट, महिन्याला २४०. घरचा नेहमीचा वापर धरून ३०० च्या वर गेलात की वरच्या युनिटांना पुढच्या टप्प्याचा दर लागतो.

सळईचा ८०० वॅटचा हॅलोजन हीटर स्वस्त असतो आणि साडेतीन अँपिअरच घेतो. वायर चांगली असेल तर ६ च्या सॉकेटवर तो चालतो. पण बाळंतिणीच्या खोलीत मला तो नको वाटतो: सळई लाल तापते, रात्रभर उजेड, आणि जाळीला गोधडीचं टोक लागायला वेळ लागत नाही.

वायरमन साकोली
@वऱ्हाडी लोड, मान्य. तेलाच्या हीटरला दोन-तीन टप्पे असतात, १००० च्या आसपासच्या टप्प्यावर चालवा. लाईन मात्र पूर्ण भाराचीच ओढा. कोणी ना कोणी रात्री बटण वर नेतंच.

कमी व्होल्टेजचं राहिलं होतं. १८० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर साधारण १२०० च देतो. करंटही कमी होतो, त्यामुळे हीटरला धोका नाही, फक्त ऊब कमी. स्टॅबिलायझरवर खर्च करू नका. खरी भीती उलटी आहे. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की घरात ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात. त्यासाठी मेनमध्ये ओव्हर-अंडर व्होल्टेजचं कटआऊट बसवा. खालची मर्यादा मात्र १६०-१७० वर ठेवा, नाहीतर तुमच्याकडे रोज संध्याकाळी घर अंधारात जाईल.

भूमिगत
अर्थिंगवर कोणी सविस्तर लिहिलं नाही, आणि धातूच्या अंगाच्या हीटरला तेच सगळ्यात महत्त्वाचं.

घरापासून किमान दीड मीटर दूर, मोरीचं पाणी मुरतं त्या बाजूला खड्डा घ्या. ४० मिमी व्यासाचा, २.५ मीटर लांबीचा, भोकं पाडलेला जीआय पाईप उभा पुरा, भोवती कोळसा आणि मिठाचे आलटून पालटून थर. मिठानं पाईप गंजतो, म्हणून आता बरेच जण बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) भरतात, ते जास्त टिकतं. वरचं तोंड विटांच्या चौकोनात उघडं ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात पाणी ओतता येईल. पाईपला तार पिळून गुंडाळू नका. क्लॅम्प लावून नट-बोल्टनं आवळा.

तुमच्या भागात कन्हार (भारी, चिकण) जमीन असेल तर ओल असेपर्यंत अर्थिंग छान लागतं, पण ती वाळून भेगाळली की पाईपपासून सुटते. बर्डीच्या (उंचवट्यावरच्या) मुरमाड जागेत मुळातच कमी लागतं. दोन्हीकडे पाणी घालणं आलंच.

पण नुसत्या अर्थिंगवर भिस्त ठेवू नका. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध १० ओहम आहे. हीटरच्या अंगाला फेज लागला तर २३० भागिले १०, म्हणजे फार तर २३ अँपिअर वाहतील. १६ चा एमसीबी तेवढ्यावर पटकन पडत नाही, बराच वेळ तसाच राहू शकतो. सी प्रकारच्या एमसीबीला क्षणात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. तोवर हीटरचं अंग जिवंत. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र हाच दोष डोळ्याची पापणी लवायच्या आत तोडते, अर्थिंग मध्यम असलं तरी. म्हणून गावात ती एमसीबीपेक्षाही आधी बसवा. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला लूप मारायचा जुगाड कोणी सुचवला तर त्याला घरी पाठवा. न्यूट्रल तुटला की हीटरचं सगळं अंग फेजवर येतं.

धानपट्टा
खूप आभार. दोन शंका. अर्थिंग लागलं की नाही हे बल्ब लावून बघितलं तर चालेल का? आणि घरात इन्व्हर्टर आहे, आरसीसीबी बसवल्यावर काही अडचण येईल का?

भूमिगत
बल्बनं एवढंच कळतं की तार कुठंतरी जमिनीला लागली आहे. १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, त्यामुळे २० ओहमच्या रद्दी अर्थिंगवरही तो झक्क पेटतो. आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच ती पडेल, ते बरोबरच आहे. रोध मोजायचा तर अर्थ टेस्टर असलेला माणूस बोलवा. ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम.

इन्व्हर्टरची अडचण येते. इन्व्हर्टरच्या लाईनीचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल बोर्डात एकत्र बांधलेला असतो, मग आरसीसीबी उगाच पडत राहते आणि वैतागून लोक ती काढून टाकतात. आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल सुरुवातीपासून वेगळा ओढा, कुठंही मिसळू देऊ नका. हीटर इन्व्हर्टरवर चुकूनही नको.

दुसरं, पावसाळाभर अडगळीत पडलेला तेलाचा हीटर थंडीत पहिल्यांदा लावला की कधी कधी आरसीसीबी पाडतो. एलिमेंटमधल्या भुकटीनं ओल धरलेली असते. त्यासाठी आरसीसीबी बायपास करून चालवू नका. दुकानात ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासून, वाळवून घ्या.

आरोग्य सेविका
वायरिंगचं तुम्ही बघता, खोलीचं मी सांगते. भिंतीवर बाळाच्या उंचीला साधा तापमापक टांगा. नवजात बाळाला २५ ते २८ अंश पुरतात. त्याहून वर नेऊन बाळाला घाम आणू नका.

हीटर बाजेखाली ढकलायचा नाही, घमेल्याच्या जागी तर नाहीच. बाज, गोधडी, पडदा आणि मच्छरदाणी यांच्यापासून चहूबाजूंनी १ मीटर अंतर. मच्छरदाणीचं विसरूच नका: नायलॉन असते, वाऱ्यानं हलते आणि पेटण्याआधी वितळून अंगावर गळते. दुपटी, लंगोट हीटरवर वाळत घालायचे नाहीत. त्यानं हवा अडते आणि हीटरचं स्वतःचं कटआऊट पडतं, किंवा कापड करपतं.

जमीन शेणानं सारवलेली, उंचसखल असेल तर हीटर कलतो, आणि कलल्यावर बंद होणारा असेल तर सारखा बंद पडत राहतो. त्याच्याखाली शहाबादी फरशी सपाट बसवा. खोलीत तणस, धानाची पोती किंवा कापूस ठेवला असेल तर तो आधी बाहेर काढा.

बाळ-बाळंतीण झोपायच्या आधी तासभर खोली गरम करा, रात्री कमी टप्प्यावर आणा, आणि जागं असणारं एक मोठं माणूस तिथं असू द्या. हीटरनं धूर होत नाही म्हणून खिडकी गच्च बंद केली आणि सोबत गोवऱ्यांची शेगडीही आणली, असं करू नका. बंद खोलीत शेगडीचा वायू जीव घेतो, त्याला वासही नसतो. बाळाला टोपी, मोजे घाला आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून धरा. त्यानं हीटर बराच कमी लागतो.