मदत हवी आहे: मधला ठिपकाच दिसत नसेल तर अ‍ॅम्सलर तक्ता (मधे ठिपका असलेला, चौकटींचा नजर तपासायचा कागद) कसा वापरायचा?

आईला (वय ७६) दोन्ही डोळ्यांत कोरडं, मध्यम टप्प्याचं मॅक्युलर डीजनरेशन (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजण्याचा आजार) आहे. तक्ता वाचायचा चष्मा लावून, ३०-३५ सेंमीवर धरून, एक डोळा झाकून बघायचा. दोन्ही डोळे उघडे राहिले तर चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकतो, हीच चूक सर्रास होते. रेषा नव्याने वाकड्या दिसल्या तर लगेच रेटिना तज्ज्ञ गाठायचे. कारण कोरड्याचा ओला प्रकार (पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या गळतात) झाला असू शकतो, आणि त्यात इंजेक्शनं लांबली की व्रण राहतो.

अडचण अशी की उजव्या डोळ्याला ठिपकाच दिसत नाही, नजर भरकटते. कोपऱ्यांतून तिरक्या रेषा असलेला तक्ता कुणी वापरलाय का? नजर मध्यावर टिकते का?

दुसरं, एरेड्स-२ (या आजारावरच्या पूरक गोळ्यांचा अभ्यास) प्रमाणातली गोळी हवी आहे: क जीवनसत्त्व ५०० मिग्रॅ, ई ४०० आययू, ल्युटीन १०, झियाझॅन्थिन २, झिंक ८०, तांबं २ मिग्रॅ. जास्त झिंकमुळे शरीरातलं तांबं कमी होतं, म्हणून तांबं हवंच. बीटा कॅरोटीन अजिबात नको, धूम्रपान करणाऱ्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि आई पूर्वी मशेरी लावायची आणि घरात विडीचा धूरही असायचा. डॉक्टरांना दाखवूनच सुरू करू, पण लेबलवर हे आकडे स्वतः वाचलेले असतील तर कृपया फोटो टाका.