मदत हवी आहे : नव्या वायफायवर स्मार्ट स्पीकर दिवाणखान्यात जोडला जातो, स्वयंपाकघरात मात्र नाही

नारायणपेठी

नमस्कार. घरी नुकतेच फायबरचे नवे कनेक्शन घेतले असून त्यासोबत मिळालेल्या राउटरवर आमचा स्मार्ट स्पीकर नीट चालत नाही. अडचण नेहमीची नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राउटर बदलताना वायफायचे नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, तर घरातील उपकरणे पुन्हा जोडत बसावे लागत नाही, हे ठाऊक असल्यामुळे कनेक्शन द्यायला आलेल्या तंत्रज्ञाकडून तसेच करून घेतले. त्याप्रमाणे सगळ्यांचे फोन, टीव्ही, लॅपटॉप आणि देवघरातील माळेचा स्मार्ट प्लग काहीही न करता जोडले गेले. फक्त स्पीकर राहिला.

आमचे घर नारायण पेठेतील जुन्या इमारतीत आहे. राउटर बाहेरच्या खोलीत, दाराच्या वर बसवला आहे, कारण फायबरची तार तिथूनच आत घेता आली. स्पीकर असतो स्वयंपाकघरात, फ्रिजवर. मधे एक खोली आणि दोन जाड भिंती येतात. स्पीकर उचलून राउटरच्या खोलीत आणला की क्षणात जोडला जातो, गाणी लावतो, हवामान सांगतो. परत फ्रिजवर नेला की थोड्या वेळात इंटरनेट सापडत नसल्याचे सांगू लागतो, आणि ॲपमधून पुन्हा जोडायला गेलो, तर समोर येणाऱ्या यादीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नावे दिसतात, आमचे मात्र दिसत नाही.

सिग्नल पोहोचत नसेल, असे म्हणावे तर त्याच फ्रिजपाशी माझ्या फोनला पूर्ण रेंज असते आणि व्हिडिओ न अडखळता चालतात. जुन्या राउटरवर, जो नेमका याच जागी होता, स्पीकर कित्येक वर्षे विनातक्रार चालला. आणखी एक गोष्ट. गेल्या गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी वीज गेली होती. ती परत आल्यावर स्पीकर दिवसभर स्वयंपाकघरातच उत्तम चालला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गप्प झाला.

कंपनीच्या मदत केंद्राने स्पीकर खराब झाल्याचे सांगून विषय संपवला. आईची सकाळची भजने आणि कुकरचा टायमर दोन्ही त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे नवा घेण्याचा विचार चालू आहे, पण जो स्पीकर बाहेरच्या खोलीत व्यवस्थित बोलतो, तो खराब आहे, हे मनाला पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कर्वेनगरकर

पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दीड फूट जाड असतात, तिथे कंपनीने फुकट दिलेला राउटर काय पुरणार? दोन डब्यांचा मेश संच, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारे जोडीचे राउटर, घ्या, एक बाहेर आणि एक स्वयंपाकघराच्या दारापाशी ठेवा. आमच्याकडे अशीच अडचण होती, ती त्यानेच मिटली.

डेक्कनकर

मेशवर खर्च करण्याआधी राउटरची सुरक्षा पद्धत तपासावी, असे सुचवतो. नव्या राउटरवर अनेकदा डब्ल्यूपीए-३ ही पद्धत चालू असते. ती 2018 मध्ये आली, आणि त्याआधीच्या बऱ्याच उपकरणांना ती कळत नाही. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर जुनी डब्ल्यूपीए-२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडून पाहा.

स्पीकर मुळापासून रीसेट करण्याची घाई मात्र करू नका. ॲलेक्साच्या स्पीकरांना नव्या वायफायसाठी त्याची गरजच नसते. ठिपक्याचे बटण दाबून धरले की दिवा नारिंगी होतो आणि तो जोडणीसाठी तयार होतो. नारिंगी दिसताच बोट काढावे, कारण तिसऱ्या पिढीपासूनच्या छोट्या स्पीकरांत तेच बटण वीस-पंचवीस सेकंद दाबून ठेवले, तर सगळेच पुसले जाते. गूगलच्या स्पीकरांचे उलटे आहे. जुने वायफाय चालू असतानाच ॲपमधून ते विसरायला सांगता येते, ते बंद झाले असेल, तर बहुधा रीसेटवाचून मार्ग उरत नाही.

नारायणपेठी

दोघांचेही आभार. राउटरचे पान उघडून पाहिले. सुरक्षा पद्धत डब्ल्यूपीए-२ आहे आणि दोन्ही बँडना, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यांना, एकच नाव, एकच पासवर्ड आहे. मेशचे म्हणाल तर फोनला तिथे पूर्ण रेंज मिळत असताना स्पीकरलाच भिंत का आडवी येते, एवढे आधी कळले, तर बरे होईल.

तारवाला

तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या मते उत्तर भिंतीच्या जाडीत अर्धेच आहे. तुम्ही दिलेल्या माहितीत तीन खुणा आहेत, त्या एकत्र ठेवून पाहू.

पहिली खूण स्मार्ट प्लगची. असे प्लग जवळजवळ सगळे फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या बँडवर चालतात. देवघर स्वयंपाकघराला लागून असेल, असे धरतो. तसे असेल, तर 2.4 चा सिग्नल त्या बाजूला उत्तम पोहोचतो आहे, हे तो प्लगच सांगतो. तुमचा फोनही फ्रिजपाशी त्याच बँडवर असणार, कारण 5 गिगाहर्ट्झच्या लहरी दोन जाड भिंती ओलांडता ओलांडता फार क्षीण होतात. फोनमध्ये वायफायच्या नावावर बोट ठेवल्यास कोणता बँड वापरात आहे, ते दिसते. एकदा खात्री करून घ्या.

दुसरी खूण अशी की, राउटरजवळ स्पीकर लगेच जोडला जातो. म्हणजे पासवर्ड, सुरक्षा पद्धत, खाते, ॲपच्या परवानग्या हे सगळे ठीक आहे आणि स्पीकर खराब असल्याचे मदत केंद्राचे निदान तिथेच बाद होते. पण दोन्ही बँडना एकच नाव असल्यामुळे तो जवळ असताना नेमका कोणत्या बँडवर जातो, हे बाहेरून कळत नाही. माझा अंदाज आहे की तो तिथे 5 वर जातो, 2.4 वरचे तुमचे वायफाय त्याला मुळात ऐकूच येत नाही, आणि स्वयंपाकघरात 5 चा सिग्नल संपला की त्याच्यापाशी काहीच उरत नाही. शेजाऱ्यांची 2.4 वरची नावे त्याला दिसतात, त्यामुळे त्या बँडला तो अगदीच बहिरा नाही. त्याला न ऐकू येणारे फक्त तुमचेच आहे.

तिसरी खूण गुरुवारची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. वीज गेल्यावर राउटर नव्याने चालू झाला आणि अडचण दिवसभरासाठी नाहीशी झाली. राउटर नव्याने सुरू होताना जी गोष्ट बदलू शकते, ती म्हणजे चॅनेल, बँडमधली वायफाय ज्यावर चालते ती क्रमांकाची जागा. बहुतेक राउटरवर चॅनेल निवडण्याचे काम ऑटोवर ठेवलेले असते. आजूबाजूला गर्दी कुठे कमी आहे, हे पाहून राउटर स्वतःच जागा निवडतो आणि काही राउटर मधूनच, विशेषतः रात्री, ती बदलतातही.

आता मला एकच माहिती हवी आहे. हा स्पीकर तुम्ही इथे, पुण्यातच विकत घेतला का?

नारायणपेठी

देवघर स्वयंपाकघरातच आहे, तेव्हा प्लगबद्दलचे आपले अनुमान बरोबर आहे. फ्रिजपाशी फोनही 2.4 वरच असतो, ते आताच पाहिले.

स्पीकर इथला नाही. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो, त्याने एका दिवाळीत येताना आणला होता. चपट्या पिनांचा ॲडॉप्टर अजूनही कन्व्हर्टर लावूनच वापरतो. सुरुवातीला तो पुण्याचे तापमान फॅरनहाइटमध्ये सांगून आईला घाबरवीत असे, ते ॲपमध्ये बदलून घेतले. पण याचा वायफायशी काय संबंध?

तारवाला

थेट संबंध आहे.

2.4 गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर मांडलेले आहेत. पहिल्याचा मध्य 2412 वर, अकराव्याचा 2462 वर आणि तेराव्याचा 2472 वर येतो. भारतात 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ हा सगळा पट्टा 2005 पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला आहे, त्यामुळे आपल्याकडचे राउटर 1 ते 13 यांपैकी कोणताही चॅनेल वापरू शकतात. अमेरिकेत मात्र 12 आणि 13 वर पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करता येत नाही, म्हणून तिथल्या बाजारासाठी बनवलेली बहुतेक उपकरणे अकराच्या पुढे जातच नाहीत. ॲपमध्ये देश बदलला, तापमानाचे एकक बदलले, तरी रेडिओची ही मर्यादा सहसा तशीच राहते.

तुमच्या भागात इमारती एकमेकींना खेटून आहेत आणि जवळजवळ प्रत्येक घरात वायफाय आहे. बहुतेकांचे राउटर 1, 6 किंवा 11 वर असतात, कारण एकमेकांवर न येणारे चॅनेल तेवढेच. अशा गर्दीत तुमच्या राउटरने वरच्या टोकाची मोकळी जागा पाहून 13 निवडला असेल, तर त्याच्या बाजूने तो निर्णय शहाणपणाचाच आहे. इथे घेतलेल्या फोनला आणि प्लगला तो चॅनेल व्यवस्थित ऐकू येतो. न्यू जर्सीच्या पाहुण्याला येत नाही. गुरुवारी वीज आल्यावर राउटर खालच्या एखाद्या चॅनेलवर बसला असावा आणि रात्रीतून पुन्हा वर सरकला असावा.

हा अजून अंदाजच आहे, त्यामुळे काहीही बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा. अँड्रॉइड फोनवर वायफायचे चॅनेल दाखवणारे एखादे विनामूल्य ॲप घ्या आणि स्पीकर बंद पडलेला असताना तुमच्या नावापुढे कोणता आकडा आहे, ते पाहा. आकड्याऐवजी वारंवारिता दिसली, तर 2467 म्हणजे 12 आणि 2472 म्हणजे 13. दुसरे, घरातील एका फोनवर 2.4 चा हॉटस्पॉट चालू करून दुसऱ्या फोनवरील ॲपच्या साहाय्याने स्पीकर स्वयंपाकघरातच त्याला जोडून पाहा. तिथे तो चालला, तर स्पीकरच्या 2.4 च्या रेडिओबद्दल शंका उरणार नाही.

दोन्ही जुळले, तर राउटरच्या पानावर 2.4 च्या विभागात जाऊन चॅनेल ऑटोवरून काढा आणि 1, 6, 11 यांपैकी त्या ॲपमध्ये सर्वांत कमी गर्दी दिसेल तो कायमचा ठेवा. तिथेच चॅनेलची रुंदी विचारलेली असेल, तर 20 मेगाहर्ट्झ ठेवा. 40 केल्याने एवढ्या दाट वस्तीत वेग वाढत नाही, शेजाऱ्यांशी झटापट मात्र वाढते. 5 च्या विभागाला हात लावू नका.

कर्वेनगरकर

हे नव्याने कळले. तरीही भिंतींचा त्रास आज ना उद्या होणारच, असे माझे मत आहे.

तारवाला

5 च्या वेगासाठी होईल, हे मान्य. पण स्पीकरला गाणी ऐकवायला तेवढा वेग लागतच नाही. शिवाय मेशचा संच घेऊन त्यानेही तेरावाच चॅनेल निवडला असता, तर पैसे खर्चूनही स्पीकर मुकाच राहिला असता.

नारायणपेठी

तपासले. स्पीकर गप्प असताना ॲपमध्ये आमच्या नावापुढे 13 हाच आकडा होता. पत्नीच्या फोनचा हॉटस्पॉट लावून पाहिला, तर स्पीकर फ्रिजवर असतानाच जोडला गेला. 1 आणि 6 वर आजूबाजूची इतकी नावे एकावर एक चढलेली दिसली की मोजण्यात अर्थ नव्हता, म्हणून 11 निवडला आणि रुंदी 20 केली. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर स्पीकर आपण होऊन जोडला गेला. ॲप उघडावेही लागले नाही, कारण नाव आणि पासवर्ड त्याच्या स्मरणात होतेच. आईने लगेच भजन लावायला सांगितले. तिला त्याच्याशी हिंदीतून बोलावे लागते, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

आता एकच शंका. राउटर कंपनीचा आहे आणि त्याची सेटिंग त्यांना दुरूनही बदलता येतात, असे ऐकले आहे. उद्या त्यांनी काही अद्ययावत केले, तर हा चॅनेल परत ऑटोवर जाईल का?

तारवाला

जाऊ शकतो. फायबर कंपन्यांना आपापले राउटर दुरून सांभाळण्याची सोय असते आणि एखाद्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर किंवा राउटर रीसेट झाल्यावर काही सेटिंग मूळपदावर येतात. त्यावर दोन उपाय आहेत. तुमच्या राउटरच्या पानावर सेटिंगची प्रत जतन करण्याची सोय असेल, तर आत्ताच ती काढून ठेवा. आणि प्रादेशिक सेटिंगमध्ये चॅनेल 1 ते 11 एवढेच मर्यादित करण्याचा पर्याय मिळाला, तर तो निवडा, म्हणजे ऑटो परत आला तरी राउटर बाराव्या-तेराव्यावर जाणार नाही. हा पर्याय सगळ्याच राउटरवर नसतो. पुढे कधी स्पीकर स्वयंपाकघरात अबोल झाला, तर सर्वांत आधी फोनवर चॅनेलचा आकडा पाहा आणि मगच मदत केंद्राला फोन लावा.

नारायणपेठी

प्रत जतन करण्याचा पर्याय सापडला, काढून ठेवली. चॅनेल मर्यादित करण्याचा पर्याय आमच्या राउटरवर नाही. धाग्याच्या शीर्षकात «सुटले» असे जोडावे, ही संपादकांना विनंती.