अनुभव धागा : चार माणसांत बसून मनाची जखम हलकी करताना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि अख्खं नागपूर ओरडतं, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ गावाची पीडा अशी वाजतगाजत जाते. पण मूल गेलं, घटस्फोट झाला, भावाने बोलणं तोडलं, असलं दुःख गर्दीत नेता येत नाही. त्यासाठी पाच-सात जणांचा विधी लागतो. नागपुरात जे असे विधी घेतात त्यांनी इथे आपल्या वस्तीचं नाव टाकून पद्धत लिहावी. साहित्य, वेळ, काय बिघडतं, सगळं.

धरमपेठ
माणसं सहा ते आठ. आठ जणांना प्रत्येकी सहा मिनिटं धरली तर 48 मिनिटं होतात. सुरुवातीला 15 आणि शेवटी 20 मिनिटं द्या, दीड तासात सगळं नीट बसतं. दहा-बारा झाले की शेवटच्या दोघांच्या वाट्याला घाई येते, आणि बरेचदा सगळ्यात जड बोलणं त्यांच्याकडेच असतं.

सतरंजीवर गोल बसायचं. मुठीत मावेल असा नदीतला गुळगुळीत गोटा फिरवायचा. ज्याच्या हातात गोटा तोच बोलणार, नाहीतर गप्प बसून पुढे देणार. गोटा वजनदार हवा. फूल दिलं तर माणूस बोलता बोलता पाकळ्या तोडत बसतो. गोटा मात्र आधी गार लागतो आणि हातोहात कोमट होत जातो. पुढच्याला ती ऊब कळते.

मे महिन्यात संध्याकाळी बैठक ठेवू नका. कूलर लावला तर हळू आवाज बुडतो, बंद केला तर जीव कासावीस होतो. सकाळी सहाची वेळ बरी.

इंदोरा
आमच्याकडे त्रिशरण-पंचशील घेऊन सुरुवात होते. मग, मूल गेलेल्या किसा गोतमीच्या बौद्ध कथेवरून घेतलेला मोहरीचा विधी. मधे रिकामी वाटी ठेवायची, प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर मोहरी. आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि एक दाणा वाटीत टाकायचा. दुसरं नाव आठवलं तर दुसरा दाणा. दाणा स्टीलच्या वाटीत टण्णकन वाजतो, म्हणून वाटी मातीची घ्या.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे कथा आधी सांगणं. ‘मरण कोणाला चुकलंय’ हे दुःखी माणसाला ऐकवलं की ते प्रवचन होतं. बुद्धाने गोतमीला ते तोंडाने सांगितलं नव्हतं. ज्या घरात कोणी मेलं नाही तिथली मोहरी आण, एवढंच सांगितलं. ती दारोदार फिरली तेव्हा तिचं तिला कळलं. वाटीतही तेच व्हायला हवं. कथा सांगायचीच असेल तर दाणे पडून झाल्यावर.

नंदनवन
न पाठवायचं पत्र लिहून जाळण्याबद्दल लिहिते. लिहायला 15 ते 20 मिनिटं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या 1986 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी रोज 15 मिनिटं असं चार दिवस लिहिलं होतं. लिहून झाल्याझाल्या मन आणखी खालावलेलं होतं, फायदा पुढच्या महिन्यांत दिसला. म्हणून त्या रात्री जड वाटणार, हे गटाला आधीच सांगून ठेवा.

घमेल्यात दोन बोटं रेती, शेजारी पाण्याची बादली, पेटवायला कापराची एक वडी. रॉकेल अजिबात नको. पत्राची घट्ट घडी घालून टाकली तर आत हवा जात नाही, कडा जळतात आणि मधला मजकूर तसाच राहतो. अर्धवट जळालेल्या कागदावर त्या माणसाचं नाव वाचावं लागणं फार वाईट. बोटभर रुंद पट्ट्या फाडा आणि सुट्या टाका. राख कुंडीतल्या मातीत मिसळायची, फुटाळा किंवा अंबाझरी तलावात नाही. आणि फोटो जाळू नका. तो राग उतरल्यावर हवासा वाटतो.

महाल
उघडणं सगळ्यांना जमते जी, बंद करणं जमत नाही. माणूस रडून राहिला अन् दुसरे चपला शोधून राहिले, असं झालं का जखम उघडीच घरी जाते. शेवटची 20 मिनिटं कापू नका. पाय जमिनीवर टेकवा, प्रत्येकाले पाणी द्या, आज रात्री घरी कोण आहे ते विचारा. मग गरम तर्री-पोहे. तिखटानं नाक वाहते, माणूस अंगात परत येते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येकाले एक फोन.

अन् सल्ला द्यायचा नाही. ‘तू खंबीर हो’ म्हटलं का माणूस तिथंच मिटते.

मानेवाडा
कोणाला बसवू नये तेही लिहायला हवं. अपघात किंवा अत्याचार होऊन थोडेच दिवस झाले असतील तर एका बैठकीत सगळं वदवून घेऊ नका. अशा एकाच बैठकीच्या उपायाने आघातानंतर पुढे होणारा मानसिक आजार टळत नाही, असंच कॉक्रेन या संस्थेने 2002 मध्ये घेतलेल्या संशोधनांच्या आढाव्यात दिसलं. ज्याने दुखावलं तो आणि जो दुखावला गेला तो, दोघांना एकाच गोलात आणू नका, घरचे कितीही म्हणोत. जीव द्यावासा वाटतो असं कोणी बोललं तर गोटा खाली ठेवायचा, विधी थांबवायचा, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावायचा.

एक माणूस दाराजवळ बसलेला असू द्या. तो बोलत नाही, गोटाही घेत नाही. कोणी मधेच उठून बाहेर गेलं तर मागोमाग जाणं, एवढंच त्याचं काम.