एकाच डब्यातलं औषध, बाबा पडले अन् काकाजी नाही: यावर संशोधन करायचं आहे

प्रश्न: घाटंजीची विद्यार्थिनी
बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०१७ च्या हंगामात आमची पऱ्हाटी (कपाशी) बाबांच्या डोक्यावर गेली होती. बाबा आणि काकाजी एकाच वावरात, एकाच डब्यातलं कीटकनाशक औषध मारत होते. संध्याकाळी बाबांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, लाळ थांबेना. यवतमाळला अकरा दिवस ॲट्रोपिनवर (या विषावरच्या उताऱ्यावर) काढले, मग सावरले. काकाजींचं नुसतं डोकं दुखलं. हा फरक जनुकांचा असतो का? मला हेच काम करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: मूळचा आर्वी तालुक्यातला, १९ वर्षं विषशास्त्रात
बेटा, जनुकांचा वाटा असू शकतो. यकृतात पॉन-१ नावाचं एन्झाइम बनतं आणि रक्तात फिरतं. एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. या साखळीत १९२ व्या जागी, जनुकानुसार, कुणाकडे ग्लुटामिन हे अमिनो आम्ल असतं, कुणाकडे आर्जिनिन. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचं शरीरात जे जहाल रूप तयार होतं, ते आर्जिनिनवालं एन्झाइम जास्त वेगानं तोडतं. एन्झाइम रक्तात मुळात किती आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. तान्ह्या बाळात ते फार कमी असतं.

पण एकदम जीनोमला, म्हणजे सगळ्या जनुकांच्या संचाला, हात घालू नको. लखनौला माझ्या मॅडमनी सहा महिने मला फक्त कोलिनएस्टरेज मोजायला लावलं; हे विष शरीरातलं जे एन्झाइम बंद पाडतं, ते हेच. एलमनची पद्धत. निरोगी रक्त असलं की क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीत, पिवळा रंग बघता बघता चढतो. विषबाधेच्या रक्तात तो फिका तो फिकाच. पहिल्यांदा तो फिका रंग पाहिला तेव्हा आमचा सालगडी आठवला आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एमएस्सी बायोकेमिस्ट्री कर, मग सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा दे. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, लागली की महिना ३७,००० मिळतात, घरभाडं वेगळं. लखनौची विषविज्ञान संस्था याच कामाची आहे. संगणकावर 'आर' ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा आजपासूनच शिक, जीनोमिक्सचं अर्धं काम तिथंच चालतं.

उत्तर: लॅब टेक्निशियन, पांढरकवडा
सरांचं खरं आहे. पण ताई, पंप कुणाचा गळत होता? वाऱ्याच्या तोंडाला कोण होतं? आमच्याकडे आणलेल्या माणसांचे शर्ट पाठीवर चिंब असतात, औषध कातडीतून आत जातच राहतं. आधी शर्ट काढून अंग धुवावं लागतं. हे विचारल्याशिवाय जनुकाचं नाव घेऊ नका.

घाटंजीची विद्यार्थिनी
आत्ताच बाबांना विचारलं. गळका पंप त्यांच्याच पाठीवर होता. चांगला त्यांनी काकाजींना दिला होता. इतक्या वर्षांत घरात कुणाला बोलले नाहीत.
तरी दोघांचं रक्त मोजायचंच आहे. बायोकेमिस्ट्रीचा फॉर्म भरते.