डायनाची प्रार्थना इतकी खरी का वाटते?

खिडकीपाशी:
'अ‍ॅडम बीड' (१८५९) ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. तिच्या लेखिकेनं, जॉर्ज इलियटनं, १८४२ मध्ये चर्चला जायला नकार देऊन वडिलांचा रोष ओढवून घेतला होता. माणसानं आपलेच गुण देवावर लादलेत म्हणणाऱ्या फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञाचा अनुवादही पुढे तिनंच केला. मग बाळाच्या खुनासाठी फाशीची शिक्षा झालेल्या हेटीच्या कोठडीत प्रवचनकार डायना करते ती प्रार्थना इतकी आतून कशी उतरली? मी देव-बिव मानत नाही, तरी ते प्रकरण एका दमात वाचवेना. नुसतं कसब म्हणायचं का हे?

संथवाचक:
कसब आहेच, पण मूळ गोष्ट घरातली. इलियटची काकू मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची प्रचारक होती. नॉटिंगहॅमला १८०२ मध्ये बाळाच्या खुनासाठी फाशी गेलेल्या मेरी व्होसला तिनं तुरुंगात सोबत केली होती.

आता ते प्रकरण पुन्हा काढा. डायना म्हणते, या कोठडीत माझ्याखेरीज आणखी कुणीतरी तुझ्याजवळ आहे. हेटी घाबरून विचारते, कोण? इलियट काहीही दाखवत नाही. दिव्य प्रकाश नाही, आकाशवाणी नाही. दोघींनी घट्ट धरलेले हात तेवढे दिसतात. प्रार्थनेनंतर हेटी डायनाच्या गळ्यात पडते आणि भडाभडा बोलत सुटते: झाडाखालचा खड्डा, वर पसरलेलं गवत, बाळाचं रडणं. सगळं ओकून झाल्यावर विचारते, आता तरी देव ते रडणं थांबवेल का? डायना 'हो' म्हणत नाही, पुन्हा प्रार्थनेकडे वळते. माझ्या लेखी वास्तववाद तो हाच. श्रद्धेमुळे माणसाचं काय होतं ते इलियट बारकाईनं लिहिते. देव आहे की नाही, या भानगडीत पडत नाही.

शेवटचंपान:
आणि इलियटच्याच 'मिडलमार्च' कादंबरीतला धर्मनिष्ठ बँकर बुलस्ट्रोड? तोही प्रार्थना करतोच की! त्याचं जुनं पाप ठाऊक असलेल्या आजारी रॅफल्सला दारू द्यायची नाही असं डॉक्टरनं बजावलेलं, तरी हा घरकाम बघणाऱ्या बाईच्या हाती ब्रँडीच्या कपाटाची किल्ली देतो. तिथे लेखिका सरळ निवाडा करते.

संथवाचक:
करते, पण किल्ली दिल्याचा. त्याची प्रार्थना खोटी होती असं कुठे म्हणते? तो ढोंगी असता तर सोपं झालं असतं. देवापुढेही तो स्वतःची समजूत घालत बसतो, म्हणून तर अंगावर येतो.

खिडकीपाशी:
हे पटलं. पण मग डायना शेवटी प्रवचनं सोडते, ते मला अजूनही खुपतंय. मेथडिस्टांनी १८०३ मध्ये बायकांच्या प्रवचनांवर जवळपास बंदीच घातली, कबूल. तरी तिच्या नवऱ्याला, अ‍ॅडमला, त्यात काहीच वावगं वाटू नये?

शेवटचंपान:
अ‍ॅडमच्या भावाला, सेथला, वाटतं ना! तो तर दुसऱ्या पंथात जाऊ म्हणत होता. उपसंहार पुन्हा वाचा.