वस्तू कुठे बनली, कोणी बनवली यावरून तुमची खरेदी कधी बदलली का? अनुभव सांगा

माहीमकर
मंडळी, दिवाळी तोंडावर आली आणि आमच्या कंदील गल्लीत परत तोच सीन. एकीकडे कामट्या आणि कागदाचे कंदील, अख्ख्या घराने बसून खळ लावून चिकटवलेले, आणि त्याला लागूनच प्लॅस्टिकचे झगमग घडीचे, ज्यांच्या खोक्यावर देशाचं नाव एवढं बारीक की मोबाईलने फोटो काढून झूम करावं लागतं. आयात मालावर देश छापणं सक्तीचं आहे, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विकणाऱ्यांनाही तो दाखवावा लागतो, पण बघतं कोण? तर तुमचे अनुभव टाका. "असं असायला पाहिजे" वाले नकोत, पाकीट उघडताना खरंच काय झालं ते लिहा.

दादर_पश्चिम
आंबा! सीझन सुरू झाला की स्टेशनबाहेर सगळेच "देवगड देवगड" ओरडत असतात. आमच्या पप्पांची परीक्षा एकच, पेटीत तळाला घातलेली रद्दी बघायची, कानडी पेपर निघाला की चला पुढे. एकदा विक्रेता म्हणाला, काका पेपर तिकडचा, आंबा इकडचाच 😄 हापूसला 2018 ला जीआय (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव, अशी सरकारी नोंद) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्याच जिल्ह्यांना, पण हातगाडीवर ते तपासणार कोण. आता ओळखीच्या बागायतदाराकडून थेट मागवतो, महाग पडतं. कर्नाटकच्या शेतकऱ्यावर राग नाहीये हां, त्याचा आंबा त्याच्या नावाने विकला तर आमरसाला आम्ही तोच घेऊ. राग मधल्या माणसाचा आहे.

चिमणीची_आई
खेळणी. 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क कंपल्सरी आहे, तरी क्रॉफर्ड मार्केटच्या मागे गेले तर दुकानदारच विचारतो, मार्कवालं देऊ की स्वस्तवालं? मार्कवालं घेतलं. देशप्रेम वगैरे काही नाही, पोरगी सगळं तोंडात घालते.

सुईदोरा
मी गारमेंट एक्सपोर्टमध्ये मर्चंडायझर आहे, म्हणजे बायर आणि कारखाना यांच्यामधली ऑर्डर सांभाळणारी, अंधेरीला ऑफिस, त्यामुळे जरा मोठं लिहिते. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळलं, 1,100 हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले होते, खालच्या बँकेने आपला स्टाफ घरी पाठवला आणि वरच्या कारखान्यांनी शिवणाऱ्या बायकांना परत आत बोलावलं. त्यानंतर आमच्या लाइनमध्ये ऑडिटचं, म्हणजे कारखान्यात कामगारांची सोय-सुरक्षा तपासण्याचं, प्रस्थ फार वाढलं. आता ऑडिट म्हणजे काय, तर बऱ्याचदा तारीख आधीच कळलेली असते, मग जिन्यातले कार्टन हलतात, इमर्जन्सी दरवाजाचं कुलूप निघतं, ओव्हरटाइमचं रजिस्टर एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहून तयार होतं. सगळेच असे नाहीत, पाळणाघर खरंच चालू असलेले कारखानेही बघितलेत. पण बायर, म्हणजे माल घेणारा परदेशी ब्रँड, कामगारांना नीट वागवा म्हणून लांबलचक नियमावली पाठवतो आणि पाठोपाठ दुसऱ्या मेलमध्ये शर्टामागे काही सेंट कमी करा, डिलिव्हरी डेट तीच, असं म्हणतो. कापडाचा भाव ठरलेला, बटणाचा ठरलेला, मग सेंट निघणार कुठून, शिलाईतूनच.
मैत्रिणी विचारतात, बांगलादेशचा टॅग असेल तर घेऊ नये ना? मी घेते. ऑर्डर गेली की सगळ्यात आधी मशीनवरची बाईच घरी बसते. फक्त आता कपडे कमी घेते आणि उलटे करून शिवण बघते.

विरारलोकल
ताई पटलं, पण पंचवीस तारखेनंतर माझं सगळं एमआरपीवर चालतं. पोराला शाळेचे बूट घ्यायचेत, देश बघू की साइज?

गिरगावकर
विरारलोकल, तुझ्यावर राग नाही बाळा. पण 1930 ला काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना गेला तो बाबू गेनू साधा गिरणी कामगार होता, त्याच्या तरी खिशात काय होतं?

विरारलोकल
काका, तो इंग्रजांशी लढत होता, मी ईएमआयशी.

बीडकर_मुलुंड
साखरेचं लिहितो. दसरा झाला की आमचं गाव रिकामं व्हायला लागतं, म्हातारी माणसं तेवढी उरतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे राबणारी माणसं दोन पण हिशोबात एक. खाडा झाला तर मजुरी जाते ती जातेच, वर दंड कापतात. 2019 ला ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारने समिती नेमली, माझ्या ऑफिसातले लोक हादरले. आमच्या घरात कोणी हादरलं नाही, माझ्या मावशीची पस्तिशीच्या आत काढली होती. उसाच्या फडात पाळी आली तर ना पाणी ना आडोसा, पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडे जावं तर तो म्हणणार काढून टाका, कटकट जाईल.
आता खरेदी काय बदलू? पिशवीवर कारखान्याचं नाव आहे, वजन, तारीख, हिरवा ठिपका, सगळं आहे. फडात कोण होतं ते नाही. मॉलमध्ये केमिकल फ्री गूळ मिळतो दामदुप्पट भावाने, त्याचा ऊस पण कोणीतरी वाकूनच तोडला असणार.

सुईदोरा
साखरेत आमच्यासारखं ऑडिट नसतं का?

बीडकर_मुलुंड
साखर घेणाऱ्या मोठ्या कंपन्या करतात म्हणे. पण मजूर मुकादमाचा, मुकादमाचा करार वेगळा, कारखाना म्हणतो ही आमची माणसंच नव्हेत. कोणाला जाब विचारणार?

परळची_पोर
माझं हलकंफुलकं आहे, या वरच्यानंतर टाकायला कसंतरीच वाटतंय. जून 2025 ला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, आपलं नाव घेतलं नाही, गदारोळ झाल्यावर मान्य केलं, आणि आमच्या ऑफिसात अचानक सगळ्यांना कोल्हापुरी हवी झाली. दादरला दुकानात विचारलं कुठली, तर हळूच म्हणतो, ताई अथणीची (कर्नाटकातली) आहे, जणू काही चोरीची. अहो, 2019 चं जीआय आठ जिल्ह्यांचं आहे, चार आपले, चार कर्नाटकचे, अथणी त्यातच येते. इथे कानडी पेपर निघाला तरी चालेल 😄 खिळा नव्हता, चामड्याच्या वादीनेच शिवलेली होती, घेतली. अंगठा सोलून निघालाय तेवढा.

गिरगावकर
एरंडेल चोळून रात्रभर ठेव, मऊ पडेल. आणि पावसात घालू नकोस.